टर्बोला तेल मिळू दिलं नाही

अन्याय झाला तो गारखेड्यात आमच्या गल्लीला पाणी आणणाऱ्या टँकरच्या ड्रायव्हरमामांवर, दुष्काळाच्या दुसऱ्या वर्षी, मे महिन्यातल्या एका मंगळवारी. त्या दिवशी टँकरचा टर्बो, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा, जाम झाला आणि ठेकेदारानं ‘निष्काळजी’ म्हणून मामांना कामावरून काढलं.

गल्लीत पोचल्यावर मामा दोन-तीन मिनिटं इंजिन चालूच ठेवायचे. मी पत्रक काढलं, ‘उभ्या टँकरचा धूर बंद करा!’ गल्लीनं सह्या केल्या.

मामा हसले. “लीडर, भरल्या टँकरनं टर्बो लई तापतो. इंजिन बंद केलं की तेल बंद, पण टर्बो फिरतच राहतो. कोरडा फिरला तर जळंल नं!”

“बहाणे नकोत, मामा. आधी बंद करा.”

महिनाभर त्यांनी आमचं ऐकलं.

इंजिन थांबल्यावर टर्बो फिरतो कसा, हे मेकॅनिकनं दोनदा सांगूनही मला नीट कळलेलं नाही. धूर खोटा नव्हता, पोरं खोकत होती. मग चुकलं कुठं? बंद करायला लावलं आम्ही, काम गेलं त्यांचं. सह्या करणाऱ्यांनो, आजच माझ्यासोबत ठेकेदाराकडे चला आणि टर्बो आम्ही जाळला, असं त्याला तोंडावर सांगा.