वास अडवणारी जाळी

आमच्या इमारतीचे व्हरांडे चारी बाजूंनी बंद आहेत. तिथली हवा गच्चीवरचं यंत्र फिरवतं. त्याचा फिल्टर बदलायचा म्हणून सकाळी सोसायटीची मीटिंग होती. विक्रेत्यानं टेबलावर दोन नमुने ठेवले. एक साधा, फक्त धूळ अडवणारा. दुसरा कोळशाचा थर असलेला, काळा. काळ्यावर हात ठेवून तो म्हणाला, "हा घेतलात तर शेजारच्या स्वयंपाकाचा वाससुद्धा तुमच्या दारापर्यंत येणार नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या.

मी त्या काळ्या जाळीकडे बघत राहिलो. बायको गेली तेव्हापासून माझ्या घरात फोडणी पडलेली नाही. डबा येतो, तो गार असतो. पण संध्याकाळी दार किलकिलं केलं की समोरच्या सुळ्यांकडचा लसूण आत येतो, कधी कोपऱ्यावरच्या घरातली भाजलेली सुकट. या माणसांशी माझं बोलणं लिफ्टपुरतंच. तरी कुणाकडे आज पाहुणे आलेत, कुणाकडे पोट बिघडल्यामुळे नुसता मऊ भात शिजतोय, हे मला कळतं. दारं लावून घेतलेल्या माणसांची एवढीच काय ती खबर मला मिळते.

"साधाच घेऊ," मी म्हणालो.

सेक्रेटरीबाई माझ्याकडे वळल्या. "काका, फोडणीच्या ठसक्यानं दमा तुमचाच उठतो ना? तुमच्यासाठीच तर काळा घेतोय."

त्यांच्या आवाजात खरी माया होती. मीही मान डोलावली.

फिल्टर बसायला अजून आठवडा आहे. संध्याकाळी मी दार सताड उघडलं आणि खुर्ची उंबऱ्याशी ओढून बसलो. सुळ्यांकडे वांगं भाजत होतं.