व्यापाऱ्याच्या नावाची तिकिटं

मी तेव्हा कारंज्याच्या एका कापसाच्या जिनात कारकून होतो आणि स्वस्तातला सौदा गाठायची मला भारी खुमखुमी होती. एखादी वस्तू इतरांपेक्षा कमी पैशांत आणली हे चार लोकांना सांगितल्याशिवाय मला चैन पडत नसे. असा मी शहाणा.

माझी माय विधवा. लोकांच्या वावरात निंदण-खुरपण करून तिनं मला शिकवलं. पचमढीला वैशाखातही रात्री गोधडी लागते, असं मी एकदा सहज बोलून गेलो, तर भाकर थापता थापता तिचा हात थांबला. "खरंच काय रे? उन्हाळ्यात थंडी?" तेव्हाच ठरवलं, हिला न्यायचंच. गल्लीतल्या बाया विचारायच्या, "कोन्या देवाले चालल्या?" माय लाजून म्हणायची, "देवाले नाई व. लेक हवा खाले नेऊन राह्यला." हे सांगताना तिचं तोंड नुसतं फुलून यायचं.

तिकिटांच्या चौकशीसाठी मी मूर्तिजापूरला दोन खेपा केल्या. उन्हाळ्यात डोंगरावर जाणाऱ्यांना जाण्यायेण्याच्या तिकिटात सवलत होती. तेवढ्यावर भागवलं असतं तर मी कसला! गावातल्या एका व्यापाऱ्यानं बायको आणि मुलासाठी हीच तिकिटं काढली होती, आणि नेमकं त्याच्या घरी सुतक पडलं. तो ती अर्ध्या किमतीत देऊन टाकत होता. सवलतीच्या कागदावर त्या दोघांची नावं होती. पण मुलगा माझ्याच वयाचा. मी झडपच घातली.

मायला मात्र हे गाडीत बसल्यावर सांगितलं. मूर्तिजापूरला छोट्या गाडीतून उतरून मोठ्या गाडीत चढलो, जागा मिळाली, मग हळूच म्हणालो, "तिकीट पाहणारा आला तर तू बोलू नको. अन् पदर जरा कपाळावर घे."

"काहून?"

कागदावरची बाई सवाष्ण होती आणि मायचं कपाळ कोरं, हे मी तिला तोंडानं समजावून सांगितलं. काय जीभ म्हणावी ती! तिनं पदर ओढून घेतला. मला वाटलं, पटलं तिला.

शेगाव मागे पडल्यावर तपासनीस आला. त्यानं कागद पाहिला, मग मायकडे पाहिलं. "बाई, मालकाचं नाव काय?"

माझा सगळा डाव याच प्रश्नावर बेतलेला. आमच्या मुलखात नवऱ्याचं नाव घेणारी बाई नव्हती. उखाण्यात घ्यायच्या तेवढंच. एरवी कोणी विचारलंच तर शेजारणीला पुढे करायच्या. तेव्हा माय गप्प बसेल, मी व्यापाऱ्याचं नाव सांगीन, आणि कोणाला त्यात काही वावगं दिसणार नाही. मी तोंड उघडलंही होतं.

मायनं पदर मागे सारला आणि माझ्या बापाचं नाव घेतलं. आडनावासकट, साऱ्या डब्याला ऐकू जाईल असं. "ते वारले," ती म्हणाली. "हा त्यायचा पोरगा. तिकीट दुसऱ्याचं हाय."

डब्यातले लोक माझ्याकडे पाहू लागले. समोरच्या एका बाईनं आपली पिशवी उगाच जवळ ओढून घेतली. तपासनिसानं दंडासकट पुरं भाडं घेतलं, आणि डोंगरावर राहण्या-खाण्यासाठी आणलेले पैसे त्यातच गेले. भुसावळला आम्ही उतरलो ते घरी परतण्यासाठी. खरं सांगतो, तोवर मला लाज वाटत होती ती फक्त पकडलो गेल्याची. चार लोकांत इभ्रत गेली म्हणून मी आतल्या आत मायवरच चरफडत होतो, इतका मी नीच.

परतीच्या गाडीला वेळ होता. फलाटावरच्या बाकावर ती हात मांडीत घेऊन बसली. ऊन मरणाचं होतं. शेवटी माझाच जीव राहीना.

"माय, तुले थंडी दाखवता आली नाई," मी म्हणालो.

"थंडीचं काय घेऊन बसला?" ती म्हणाली. "त्यायचं नाव मी उखाण्याबाहेर कधी घेतलं नोतं. ते गेले तवाई नाई. आज घेतलं, तुह्या स्वस्त तिकिटापायी."