कोंबडीवालीसाठी माळ

तरुणपणी मी मारेगावच्या बाजारातल्या कोंबडीवालीला तुळशीची माळ नेऊन दिली, इतकी मी शहाणी होते. ती कोंबड्या विकते पण स्वतः खात नाही, हे कळल्यावर मला वाटलं, गळ्यात माळ नाही म्हणजे हिचा नेम कच्चाच. शाकाहारी माहेराचा तोरा तेव्हा माझ्या नाकावर बसलेला असे. तिनं माळ कपाळाला लावली आणि माझ्याच पिशवीत परत ठेवली. मग मांडीवरच्या कोंबडीच्या पायाची सुतळी जरा सैल करत म्हणाली,

"देवासाठी नाही सोडलं, बाई. सकाळी मी 'आ आ' केलं का ह्या पयत येतात. पोटासाठी इकावं लागते. पन ज्या तोंडानं बोलावतो, त्याच तोंडानं खाऊ कशी?"