मुळाशी न जोडलेले रुग्ण

पद : मुख्य प्रणाली-रचनाकार. कार्यक्षेत्र : वाचा-उपचार केंद्रातील समस्त रुग्णविषयक माहितीचे चिरस्थायी जतन. स्वभाव : दक्ष. केंद्राच्या माहितीपत्रकात हे असं छापलेलं आहे. मजकूर त्याचा स्वतःचाच, त्यामुळे ‘दक्ष’ तेवढा सोडून द्यावा. थोरली बहीण तिथे उपचारतज्ज्ञ होती आणि तिने शब्द टाकला, म्हणून हे पद त्याला मिळालं.

माहिती ठेवायला त्याने ऑब्जेक्ट डेटाबेस, म्हणजे प्रत्येक नोंद एक अखंड ‘वस्तू’ म्हणून ठेवणारा साठा, निवडला. माहितीचे तुकडे करून तक्त्यांत भरायचे आणि लागली की पुन्हा जुळवायचे, हा उद्योग त्याला कपाटात ठेवण्यापूर्वी शर्ट उसवण्यासारखा वाटे. इथे रुग्ण ध्वनिमुद्रणासकट, जसाच्या तसा आत. नियम एकच : प्रत्येक वस्तू मुळापासून निघणाऱ्या कुठल्या तरी धाग्याला जोडलेली हवी. जी सुटी, ती साफसफाईत केर म्हणून जाते. त्याने रुग्ण जोडले ते फक्त त्यांच्या उपचारतज्ज्ञांना.

मग एक उपचारतज्ज्ञ नोकरी सोडून गेली. ताईने यादीतून तिचं नाव काढलं. आठवड्याची साफसफाई झाली आणि तिचे सगळे रुग्ण गेले. नंतरची ताजी प्रत जुन्या राखीव प्रतीवर चढली, म्हणजे तीही वाट बंद. गेलेल्यांत बस स्थानकावरच्या निवेदकाचा आवाज होता, स्वरयंत्र काढण्याआधी मुद्रित केलेला.

कारण त्याला चहा निवायच्या आत कळलं.

“माझ्याच हातून गेलं ना रे?” ताईने विचारलं.

“होतं असं कधीकधी.”

यात खोटं एक अक्षर नव्हतं, म्हणून तर ते त्याला जास्त खात राहिलं.

तेव्हापासून ताई साधं बटण दाबायचं तरी त्याला फोन करी : “दाबू ना? काही जाणार नाही ना?” संचालक सगळ्यांदेखत म्हणाले, “बाईंना फक्त पंख्याचं बटण दाबू द्या.” सगळे हसले. तोही थोडा हसला.

शेवटी ती निवेदकाच्या घरी माफी मागायला निघाली. “तू चल, धीर येतो,” म्हणाली.

निवेदकाने पाटीवर लिहिलं : ‘गाडी उशिरा यायची, शिव्या माझ्या आवाजाला. बरं झालं, गेला.’ त्याची बायको हसली आणि मग म्हणाली, “मला मात्र एकदा ऐकायचा होता हो.”

ताईची मान वर झाली नाही.

जिन्यात तो थांबला. “ताई, तुझा काही संबंध नाही. जोडणी माझी चुकली. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं.”

ताईने कठडा धरला. “मी रडत होते तेव्हा तू पाणी आणून दिलंस.”

“हो.”

“थंड हवं का, असंही विचारलंस.”

उद्याच संचालकांना लेखी कळवतो, असं तो म्हणाला.

ताईने राजीनामा सकाळीच दिला होता. तो मंजूरही झाला होता.