दोन मायक्रॉन आणि हिराजीकाका

आमच्या प्लांटमध्ये एवढे किस्से कसे साठले, याचं कारण अगदी साधं आहे. आत बोलताच येत नाही! चार मशीन एकदम चालू असली की शेजारच्या माणसालाही हातवारे करून सांगावं लागतं. सगळ्यांच्या कानात प्लग. मग आठ तास तुंबलेलं बोलणं सुट्टी झाल्यावर गेटसमोरच्या टपरीवर चहाबरोबर बाहेर पडतं. रोज थोडं थोडं म्हटलं, तरी अकरा वर्षांत किती झालं बघा!

मी तिथे लॅबमध्ये केमिस्ट आहे. नागावहून स्कूटीने येते. अलिबाग-पेण रस्त्यावरून आत वळलं की आमची पांढरी शेड दिसते. शेड मुळात निळी होती म्हणतात, पण ती कुणी पाहिलेली नाही.

आम्ही चिनीमाती निवडतो. ट्रकमधून येते ती ओबडधोबड माती पाण्यात कालवायची आणि तिच्यातून दोन मायक्रॉनपेक्षा बारीक कण वेगळे काढायचे. ते कागदाला गुळगुळीतपणा आणायला, रंगात घालायला जातात. दोन मायक्रॉन म्हणजे किती? तुमच्या डोक्यावरच्या एका केसाच्या जाडीचे तीस-पस्तीस भाग करा. त्यातला एक! इतकं बारीक चाळायला चाळणी चालत नाही, लगेच बुजते. म्हणून सेंट्रिफ्यूज. आडवं पोलादी भांडं, माणसापेक्षा लांब, मिनिटाला तीन हजार फेरे. जाडे कण बाहेर फेकले जाऊन भिंतीला बसतात, आतला मोठा स्क्रू त्यांना एका टोकाने ढकलून काढतो. बारीक कण पाण्याबरोबर दुसऱ्या टोकाने वाहून जातात. दुधासारखे!

एवढं कळलं की पुढचं सगळं कळेल.

*

माझा पहिला दिवस. जाधव साहेब आमचे प्रॉडक्शन इंजिनीअर. महाडकडचे, वडील शाळामास्तर होते, त्यामुळे साहेबांनाही शिकवायची भारी हौस. त्यांनी मला मातीचं पाणी भरलेला हातभर उंच काचेचा सिलिंडर दिला आणि म्हणाले, “यातली सगळी माती तळाला बसली की मला सांग.”

मी बसले समोर. जाडी रेती लगेच खाली गेली. बाकीचं पांढरंच. जेवायची सुट्टी झाली, पांढरंच. दुसरा दिवस, पांढरंच. शनिवार आला तरी वरचं पाणी काही नितळ होईना. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय. नोकरी जाते आता!

सोमवारी रडवेली होऊन सांगितलं, “सर, हे बसतच नाही हो!”

साहेब खूश. “अगं, एका मायक्रॉनच्या कणाला एवढं खाली उतरायला पाच-सहा दिवस लागतात. त्याहून बारकं तर विचारूच नकोस. पृथ्वीची ओढ कमी पडते त्यांना. म्हणून आपण ती दोन हजार पट करतो.”

मग त्यांनी मला मशीनपाशी नेलं. पायाखालची जमीन नुसती गुणगुणत होती. दोन हजार पट! मी तोंड उघडं टाकून उभी. तिथे मशीनवर हिराजीकाका होते. आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर, आतल्या गावचे भातशेतीवाले. त्यांनी माझा चेहरा बघितला, मला बाहेर व्हरांड्यात आणलं आणि कानातले प्लग काढून म्हणाले,

“घाबरू नको बाय. आमच्या भाताला वारा लागतो, ह्याला गरगर लागते. काम तेच हाय. दाणा वायला, फोल वायलं!”

इंजिनीअरिंगची पुस्तकं मी नंतर वाचली. याहून सोपं कुणी लिहिलेलं नाही.

*

मुंबईहून एक बडे गिऱ्हाईक आले होते. कागद कंपनीचे. मांडव्याला कॅटामरान बोटीतून उतरून आले तेव्हा लाटांनी चेहरा आमच्या मातीसारखाच पांढरा! माल पसंत पडला तर वर्षभराची ऑर्डर, नाहीतर राम राम. मी सॅम्पल आमच्या मापायच्या मशीनमध्ये घातलं. स्क्रीनवर सुरेख आकडे. सगळं दोनच्या आत. साहेबांनी हळूच माझ्याकडे बघून अंगठा दाखवला.

तेवढ्यात हिराजीकाका आले. चिमूटभर ओला माल घेतला आणि सरळ तोंडात! पुढच्या दातांनी हळूहळू चावला. पाहुणे बघतच राहिले.

काका म्हणाले, “कच लागते.”

साहेबांचा चेहरा उतरला. “काका, स्क्रीन बघा ना. शंभर टक्के ओके आहे!”

“स्क्रीन बरोबर असंल साहेब. पण कच लागते.”

पाहुण्यांसमोर आता करायचं काय? मी सॅम्पल पुन्हा काढलं. यावेळी मात्र बाटली नीट तळापासून हलवली, आणि स्क्रीनवरच्या आलेखात उजवीकडे एक एवढासा उंचवटा उठला. जाडे कण! पहिल्या वेळी ते बाटलीच्या तळाशी बसलेले होते आणि मी वरचंच घेतलं होतं. चूक माझीच. नंतर मशीन उघडलं तर आतल्या स्क्रूच्या कडेला, तो झिजू नये म्हणून बसवलेली एक टाइल उडालेली. तिथून जाडा माल निसटत होता.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांनी मात्र पाहुण्यांना शांतपणे सांगितलं, “बायची काय चूक न्हाय. मशीनला डोळा हाय, दात न्हाय!”

ऑर्डर मिळाली. पाहुणे जाताना म्हणाले, “माल पाठवताना रिपोर्टवर यांचीही सही घ्या.” तेव्हापासून आमच्या प्रत्येक रिपोर्टवर दोन सह्या असतात. एक माझी, एक दातांची.

*

याच टाइलच्या दुरुस्तीचा किस्सा. आमचे फिटर नसीमभाई. मुरूडकडचे. यांच्याइतका हट्टी माणूस मी दुसरा पाहिलेला नाही. मशीन उघडलं की खाली स्वच्छ चादर अंथरणार, त्यावर एकेक बोल्ट, एकेक वॉशर ओळीने मांडणार आणि बंद करताना मोठ्याने मोजणार.

टाइल बसली, झाकण लागायची वेळ आली. नसीमभाई मोजून थांबले. “बोल्ट बावीस. वॉशर एकवीस.”

साहेब घाईत होते. टँकर बाहेर उभा. “अहो, नवीन वॉशर लावा ना!”

“नवीन लावतो साहेब. पण जुना कुठंय?”

“पडला असेल कुठेतरी.”

“कुठेतरी म्हणजे भांड्यात असला तर?”

झालं! नसीमभाई मशीनसमोर खुर्ची टाकून बसले. बटणाला कुणाला हात लावू देईनात. आम्ही सगळे गुडघ्यांवर. जाळ्या उचलल्या, गटार पाहिलं, भांड्यात टॉर्च मारून तीन-तीनदा पाहिलं. दोन तास गेले. साहेब इतके चिडले, की घाम पुसायला रुमाल काढावा म्हणून त्यांनी शर्टाच्या खिशात हात घातला...

आणि रुमालाबरोबर वॉशर बाहेर आला. झिजलाय का बघायला त्यांनीच उचलला होता!

नसीमभाईंनी हात पुढे केला. वॉशर घेऊन लॅबमध्ये आले. “ताई, वजन करा जरा.”

बारा ग्रॅम.

“आता दोन हजारने गुणा.”

मी गुणलं. चोवीस किलो! भांड्यात राहिला असता तर फिरताना एका बाजूला चोवीस किलोचा धक्का, सेकंदाला पन्नास वेळा. दारात साहेब उभे होते, मान खाली घालून.

नसीमभाई एकदम अदबीने म्हणाले, “साहेब, एवढं वजन खिशात घेऊन फिरता, खांदा नाही दुखत?”

*

खंडेनवमीला मशीन बंद असतात. त्या दिवशी सगळ्यांच्या घरची माणसं येतात. झेंडूचे हार, नारळ, पेढे. वर्षातून एकदा आपल्याला आपलाच आवाज ऐकू येतो.

एका वर्षी हिराजीकाकांच्या पत्नी सुमनकाकी पहिल्यांदाच आल्या. काका त्यांना मशीन दाखवत होते. काय तो रुबाब! “ह्या टोकातून जाडं जातं, ह्या टोकातून बारीक. दोन मायक्रॉन! केसाचा पस्तिसावा भाग. एक कण इकडचा तिकडं होत न्हाय माझ्या हातातून.”

काकींनी सगळं नीट ऐकून घेतलं. हाराला हात लावून नमस्कार केला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या,

“इकडं केसाचा पस्तिसावा भाग धरतात, आणि घरी तांदळातला खडा कंदी निवडला न्हाय!”

*

एकदा काकांनी मला पिशवीतून चिखल आणून दिला. त्यांचं भाताचं खाचर खाडीला लागून, बांधाच्या आत. “बाय, आपण लोकांची माती बघतो. माझी पण बघ की.”

मी ती पाण्यात कालवली, नळीत भरली आणि लॅबच्या छोट्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवली. नळी बाहेर काढली आणि मीच थक्क झाले. तळाला रेतीचा पिवळट पट्टा, त्यावर करडा, त्यावर तपकिरी, आणि सगळ्यात वर सायीसारखा, काळसर, मऊ थर. एका चमच्याएवढ्या चिखलात चार रंग!

काकांनी नळी खिडकीपाशी नेली. बराच वेळ उजेडात फिरवून बघत राहिले. चाळीस पावसाळे ज्या चिखलात पाय रोवून लावणी केली, तो पहिल्यांदा असा सुटा होऊन समोर आला होता.

“ह्यातलं भात कशावर येतं, बाय?”

मी म्हटलं, “चारही लागतात काका. पण पाणी आणि खत धरून ठेवतो तो सगळ्यात वरचा. सगळ्यात बारीक असतो ना, तो.”

काकांनी नळी कपाळाला लावली. “म्हंजे दिसत न्हाय, त्योच पोसतो!”

त्या नळीवर मी त्यांचं नाव लिहून ठेवलंय. धुवायची माझी हिंमत झालेली नाही.

*

आणि हा शेवटचा. टपरीवर हा सांगायला लागलं की कुणी मध्ये बोलत नाही.

दुपारचे अडीच वाजले होते. जोराचा वारा सुटला आणि सगळ्या भागाची लाइट गेली. जनरेटर लागेना. बाकीची मशीन रिकामी होती, पण तीन नंबर मातीने भरलेलं. पूर्ण वेगात.

एवढं भांडं लाइट गेली म्हणून थांबत नाही. पंचवीस मिनिटं आपल्या जोरावर फिरत राहतं. पण आतला स्क्रू माती ढकलायचं सोडतो आणि माती भिंतीवर कुठे जाड, कुठे पातळ राहते. मग वेग उतरताना एक टप्पा असा येतो, की त्या वेगाला सगळं मशीन थरथरतं. तेव्हा आत माती वाकडी बसलेली असली, तर बेअरिंग फुटून भांडं जागचं सुटू शकतं. त्याआधी पाण्याने ती धुऊन काढावी लागते. पाण्याचा व्हॉल्व्ह विजेवर. तो बंद झालेला.

साहेब ओरडले, “सगळे बाहेर! शेडमध्ये कुणी थांबायचं नाही!”

आम्ही आंब्याखाली जमलो. नसीमभाईंनी माणसं मोजली. एक कमी.

तेवढ्यात आतून पाण्याचा आवाज आला. वरच्या टाकीचा हाताने फिरवायचा एक जुना व्हॉल्व्ह आहे, मशीनला अगदी लागून. तो कुणीतरी उघडला होता.

साहेब धावले. नसीमभाईंनी त्यांना मागून कवेत धरलं. “आता नाही साहेब! आता तो टप्पा येईल!”

आवाज उतरत होता. आधी शिट्टी, मग घुमणं. मग ते सुरू झालं. जमीन हादरली. लॅबच्या खिडकीतून काचेची भांडी एकमेकांवर आपटताना ऐकू येत होती. माझे हात मी कधी जोडले मला कळलं नाही. किती वेळ गेला? साहेब म्हणतात एक मिनिट. मला विचाराल तर अर्धं आयुष्य!

मग थरथर ओसरली. घुमणं हळूहळू विरलं. अकरा वर्षांत कामाच्या दिवशी मी त्या शेडमध्ये पहिल्यांदाच शांतता ऐकली. नुसतं पाणी वाहत होतं.

आम्ही आत गेलो. हिराजीकाका व्हॉल्व्हपाशी उभे होते. डोक्यापासून पायापर्यंत पांढरे, फक्त डोळे दिसत होते. एक हात व्हॉल्व्हच्या चाकावर, दुसरा मशीनच्या झाकणावर सपाट ठेवलेला. नंतर झाकण उघडलं तेव्हा भांडं आतून धुऊन लख्ख निघालं.

साहेब पुढे झाले. “काका... बाहेर यायला सांगितलं होतं ना? पाणी सोडलंत, ठीक. पण सोडून पळायचं होतं! शेवटपर्यंत का थांबलात?”

काकांनी झाकणावरचा हात काढला नाही.

“साहेब, थांबत होता तो,” ते म्हणाले. “थांबताना कुणीतरी पाशी असावं.”