हाताला गार

मिस्त्रींचा आपल्या उजव्या तळहातावर फार विश्वास होता. फ्रीजच्या बाजूला तळहात टेकवायचा, क्षणभर डोळे मिटायचे आणि आत काय बिनसलंय ते सांगायचं, अशी त्यांची पद्धत. सव्वीस वर्षं त्यांनी ह्या एका हातावर संसार चालवला आणि, खरं सांगायचं तर, थोडा भावही खाल्ला. ग्राहक चकित होत. मिस्त्री दारातून आत येतात, फ्रीजला हात लावतात, पिशवी उघडतात, आणि जो भाग बिघडलाय नेमका तोच पिशवीतून निघतो. दुसरी खेप नाही, 'उद्या येतो' नाही. हाताला गुण आहे हो ह्यांच्या, असं लोक म्हणत.

तो भाग पिशवीत कसा आला, हे कुणी विचारलं नाही. मिस्त्रींनीही स्वतःला कधी विचारलं नाही.

कामाचे फोन घरी येत आणि ते त्यांची बायको उचले. त्यामुळे सगळे ग्राहक तिला ताई म्हणत, आपणही ताईच म्हणू. ताई फोनवर घाई करत नसत. "आवाज येतो का? कसला, घुरघुर की टकटक? टकटक झाल्यावर लगेच बंद पडतो की थोडं थांबून? दूध नासतं ते वरच्या कप्प्यातलं की दारातलं?" समोरची बाई रडकुंडीला आलेली असली की आधी तिला दोन मिनिटं बोलू देत. मग एका चिठ्ठीवर पत्ता आणि पत्त्याखाली बारीक अक्षरात चार-पाच ओळी. चिठ्ठी वाचून मिस्त्री पिशवी भरत. ग्राहकाच्या दारात पोचेपर्यंत चिठ्ठी खिशात चुरगळलेली असे आणि तिच्यातलं सगळं ज्ञान ह्यांच्या तळहातात उतरलेलं असे. माणूस वाईट नव्हता. त्याला खरंच तसं वाटायचं.

तर ह्या ताईंना एके दिवशी एक जाहिरात दिसली. घरगुती यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीला घरी बसून फोनवर तक्रारी ऐकून घेणारी माणसं हवी होती. तक्रार ऐकायची, चार प्रश्न विचारायचे, काय बिघडलं असावं ते लिहून पुढे पाठवायचं. वयाची अट पंचेचाळीस. ताईंना सेहेचाळीसावं लागायला पाच आठवडे होते.

"सव्वीस वर्षं हेच करतेय की मी," ताई म्हणाल्या. "एकदा स्वतःच्या नावावर करून बघते."

"कर की," मिस्त्री म्हणाले, आणि त्या आठवड्यात जिथे जिथे गेले तिथे तिथे त्यांनी ते सांगितलंही.

परीक्षा घरीच, लॅपटॉपवर द्यायची होती. दोन तासांची. कॅमेरा चालू, खोलीत दुसरं कुणी नको, दारं-खिडक्या बंद. ज्या लॅपटॉपवरून नाव नोंदवलं त्याच्यावरूनच बसायचं. मध्येच तुटलं तर ती खेप वाया गेली असं धरणार, आणि खेपा तीनच. ताईंकडे भाचीचा जुना लॅपटॉप होता. तिने नवा घेतल्यावर मावशीला दिलेला. दोन आठवडे ताई रोज दुपारी त्याच्यावर सराव करत होत्या आणि तो अधूनमधून बंद पडत होता. निळा पडदा येई, त्यावर पांढरी अक्षरं, आणि मग तो आपला आपणच पुन्हा सुरू होई. ताईंना वाटलं, जुना आहे, चालायचंच.

पहिल्या परीक्षेत पस्तिसाव्या मिनिटाला निळा पडदा आला.

मिस्त्री कामावरून परतले तेव्हा ताई झाकण मिटलेल्या लॅपटॉपसमोर बसल्या होत्या. मिस्त्रींनी लॅपटॉप उलटा केला आणि त्याच्या पोटाला तळहात लावला. गरम. झालं, निदान ठरलं.

"गरम होतोय," ते म्हणाले. "गरम झालं की कुठलंही यंत्र बंद पडतं. माझ्यावर सोड."

"कॉम्प्युटरच्या दुकानात दाखवूया का एकदा?"

"यंत्र ते यंत्र. त्यात काय वेगळं असतं?"

ताईंनी आपली सवय सोडली नाही. एक वही घेतली आणि लॅपटॉप जेव्हा जेव्हा बंद पडेल तेव्हा तेव्हा लिहून ठेवायला लागल्या. तारीख, वेळ, चालू करून किती मिनिटं झाली होती, काय काय उघडलेलं होतं, आणि शेवटी, नवऱ्याचा मान राखून, हाताला कसा लागला.

मिस्त्रींनी लॅपटॉप उघडला. पंख्यातून धुळीचा एक गोळाच्या गोळा निघाला आणि तो त्यांनी ताईंना असा दाखवला की जणू चोर पकडलाय. पंखा साफ केला, आतल्या चिपवरचा, उष्णता वाहून नेणारा जुना वाळलेला लेप खरवडून नवा लावला. संध्याकाळी लॅपटॉप सलग तीन तास चालला. मिस्त्री दर दहा मिनिटांनी येऊन हात लावून जात होते. जेवताना त्यांची छाती फुगलेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी वहीत लिहिलं: 'सात वाजून पाच मिनिटं. चालू करून चार मिनिटं झाली होती. कॅमेरा आणि सरावाची तीन पानं एकदम उघडली. हाताला गार.'

त्यांनी वही मिस्त्रींपुढे धरली. "अहो, हे वाचा. गार असतानाही बंद पडतो."

"आतली उष्णता बाहेर कळत नाही," मिस्त्री म्हणाले. हे वाक्य ते ग्राहकांना सांगत, आणि ग्राहक मान डोलावत. ताईंनीही डोलावली असावी, कारण विषय तिथेच संपला.

दुसरी परीक्षा विसाव्या मिनिटाला तुटली.

ह्या वेळी ताई लगेच उठल्या. लॅपटॉप पुसला, कापडी पिशवीत घातला, वही त्याच्यासोबत ठेवली आणि चपला घालायला लागल्या. मिस्त्री दारातच भेटले.

"कुठे निघालीस?"

"दुकानात. शेवटच्या खेपेला नऊ दिवस राहिलेत."

मिस्त्रींनी पिशवी हातातून काढून घेतली. हिसकावली नाही, पण काढून घेतली. नवरा सव्वीस वर्षं मिस्त्री आणि बायको यंत्र घेऊन दुसऱ्याच्या दारात, हे त्यांना झेपणारं नव्हतं. "नऊ दिवस आहेत ना? मला चार दे. नाही जमलं तर मी स्वतः घेऊन जातो."

ताईंनी पिशवीकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. "चार," त्या म्हणाल्या आणि चपला काढल्या. त्यांनी त्या काढायला नको होत्या. पण इतक्या वर्षांत ह्या माणसाने हातात घेतलेलं एकही यंत्र बंद राहिलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. हे असं का होत होतं, ते त्यांच्याही लक्षात आलेलं नव्हतं.

आणि मग मिस्त्रींनी जे बांधलं ते बांधायला फ्रीजवालाच हवा. भंगारातल्या एका छोट्या फ्रीजचा फ्रीझरचा पत्रा त्यांनी सोलून काढला, सपाट केला आणि टेबलावर बसवला. त्याच फ्रीजचा कॉम्प्रेसर गॅलरीत ठेवला. दोघांना जोडणारी तांब्याची नळी खिडकीच्या फटीतून आत घेतली, भोवती फडकं कोंबलं. पत्रा गार पडला की कॉम्प्रेसर थांबणार, तापू लागला की चालू होणार. त्या पत्र्यावर लॅपटॉप. ताई बघतच राहिल्या.

"आता बघू कसा गरम होतो," मिस्त्री म्हणाले.

त्यांनी तासभर चालवून दाखवला. खिडकी उघडी होती, पंखा फिरत होता, लॅपटॉप बंद पडला नाही. पुढच्या दोन दिवसांतही पडला नाही. ताईंनी वहीत लिहिलं: 'एकच पान उघडलं होतं. कॅमेरा बंद.' ते मिस्त्रींनी वाचलं नाही. चार दिवस संपले, चालणाऱ्या यंत्राला दुकान कशाला, असं झालं.

परीक्षेच्या दिवशी सकाळी अकरा वाजता ताई आत गेल्या. खिडकी लावली, पंखा आवाज करतो म्हणून बंद केला, दार ओढून घेतलं. मिस्त्री त्या दिवशी कामावर गेले नाहीत. दाराबाहेर स्टुलावर बसून कॉम्प्रेसर चालू होताना, थांबताना ऐकत होते. तो आवाज त्यांच्या ओळखीचा होता. तासभर झाला, निळा पडदा आला असता तर ताई एव्हाना बाहेर आल्या असत्या. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. आपल्या बायकोला नोकरी लागणार आणि ती आपल्यामुळे, असा विचार त्यांच्या मनात आला, आणि तो त्यांना फार आवडला.

एक तास वीस मिनिटांनी दार उघडलं.

"बंद पडला," ताई म्हणाल्या.

मिस्त्री उठले. "गरम?"

"ओला."

ते आत गेले. पत्र्यावर पाण्याचे थेंब दाटले होते, कडेने ओघळून टेबलावर आले होते. बंद खोली, त्यात माणसाचा श्वास, आणि मध्ये बर्फासारखा पत्रा. मिस्त्रींनी लॅपटॉप उचलला, तेव्हा त्याच्या जाळीतून दोन थेंब त्यांच्या तळहातावर पडले. सव्वीस वर्षं ते लोकांना सांगत आले होते की फ्रीजचं दार उघडं राहिलं की पाणी सुटणारच. कुठल्याही शेंबड्या पोराला कळलं असतं. गार वस्तू आणि दमट हवा, ह्या दोनच गोष्टींवर तर त्यांचा सगळा धंदा उभा होता.

"किती प्रश्न राहिले होते?"

"अठरा."

ताई कोरडं फडकं घेऊन आल्या आणि टेबल पुसायला लागल्या. गॅलरीत कॉम्प्रेसर पुन्हा चालू झाला. तो बंद करायला मिस्त्रींना बराच वेळ लागला, कारण त्यांना बटण कुठे लावलंय तेच आठवेना.

कंपनीचा निरोप दुसऱ्या दिवशी आला. तीन खेपा संपल्या होत्या आणि पुन्हा अर्ज करायला वय उरणार नव्हतं. दोनच ओळी होत्या. भाषा सभ्य होती.

मिस्त्री लॅपटॉप घेऊन कॉम्प्युटरच्या दुकानात गेले. आता कशाला, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. दुकानात चष्मा लावलेली एक मुलगी बसली होती. तिने लॅपटॉप उघडला, भिंगातून पाहिलं आणि पाणी कुठून गेलं असं विचारलं. मिस्त्रींनी सांगितलं. हसू येऊनही ती हसली नाही.

"बोर्ड गेला हा," ती म्हणाली. "पण पाण्याच्या आधी काय होत होतं?"

मिस्त्रींनी पिशवीतून वही काढून दिली. मुलगी पहिलं पान वाचू लागली, मग दुसरं, मग खुर्ची पुढे ओढून बसली. "हे कोणी लिहिलंय?"

"बायकोने."

"ह्यात तर सगळंच आहे. गरम असतानाही पडतो, गार असतानाही पडतो. पण खूप काही एकदम उघडलं की बहुतेक वेळा पडतो. कॅमेरा लावला की जास्त पडतो." तिने लॅपटॉपमधून मेमरीच्या दोन हिरव्या पट्ट्या काढल्या आणि एकेक करून दुसऱ्या यंत्रात लावून पाहिल्या. एक चालली. दुसरी लावली तसा निळा पडदा आला, मिस्त्रींनी पहिल्यांदाच तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला. "ही बघा. ही नुसती काढून ठेवली असती तरी लॅपटॉप चालला असता. थोडा हळू चालला असता, एवढंच."

"किती वेळाचं काम?"

"आणलं असतं तर समोर उभ्या उभ्या करून दिलं असतं."

मिस्त्री ती बोटभर पट्टी शर्टाच्या खिशात घालून घरी आले. वाटेत त्यांनी काय काय सांगायचं ते जुळवलं होतं. त्यांनी वही टेबलावर ठेवली, तिच्यावर पट्टी ठेवली.

"हिच्यामुळे होत होतं. उष्णतेचा काही संबंध नव्हता." मग, "चुकलं माझं."

 ताई चिडल्या असत्या, चार शब्द बोलल्या असत्या, तर मिस्त्रींना बरं वाटलं असतं. ताईंनी पट्टी उचलून खालीवर पाहिली.

"मी लिहिलं होतं," त्या म्हणाल्या.

त्याउपर त्या विषयावर त्या कधीही काही बोलल्या नाहीत. घरात अबोला नव्हता. जेवण वेळेवर होई, कपडे घडी होऊन कपाटात जात. वही रद्दीत गेली. ताईंना सेहेचाळीसावं लागलं त्या दिवशी भाचीचा फोन आला, तिला त्यांनी लॅपटॉप जुनाच होता असं सांगितलं.

पुढच्या आठवड्यात कामाचा एक फोन आला. ताईंनी उचलला. "हो. पत्ता सांगा," एवढंच त्या म्हणाल्या आणि चिठ्ठी मिस्त्रींना दिली. मिस्त्रींनी ती वाचली, मग उलटून मागची बाजू पाहिली. पत्ता होता. पत्त्याखाली लिहिलं होतं, 'फ्रीज बंद.'

"आवाज येतो का, विचारलंस?"

"नाही."

"वरचा कप्पा की..."

"तुम्ही हात लावून बघालच ना," ताई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मिस्त्रींनी काहीतरी उत्तर दिलं असतं. ताई धुतलेले कपडे घ्यायला गॅलरीत निघून गेल्या.

मिस्त्री बराच वेळ उघड्या पिशवीसमोर उभे राहिले. काय भरावं ते कळेना. शेवटी हाताला येईल ते चार भाग घेतले आणि निघाले. ग्राहकाच्या घरी म्हातारे गृहस्थ दारातच वाट बघत होते. "या या," ते म्हणाले, "तुमच्या हाताबद्दल फार ऐकलंय." आपल्या बायकोलाही त्यांनी बघायला बाहेर बोलावलं.

मिस्त्रींनी फ्रीजच्या बाजूला तळहात टेकवला आणि डोळे मिटले. हाताला गार लागलं. ते थांबले. आणखी थोडं थांबले. गार लागत होतं, त्यापुढे काहीही नव्हतं.

"काय झालंय हो?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

मिस्त्रींनी हात काढून घेतला आणि पिशवीचा बंद खांद्यावर ओढला.

"उद्या येतो," ते म्हणाले.