गोड करून सांगितलेला नकार

आमच्या नात्यातली जमलेली आणि मोडलेली बरीचशी लग्नं माझ्या जिभेवरून गेली आहेत. मुलाकडच्यांना मुलगी पसंत नसली, की मी मुलीकडच्यांना कळवायचो, "पत्रिका जुळत नाही हो, काय करणार!" नकार पोचवताना वाटेत त्यात साखर घालायची, ही माझी कला. बायको म्हणायची, "तुम्ही परराष्ट्र खात्यात जायचे, चुकून पतसंस्थेत चिकटलात." मला ते कौतुकच वाटायचं.

मग सदाशिव पेठेतल्या आमच्या वरच्या खोलीत एक परदेशी भाडेकरू आला. तरुणपणी पुण्यातच शिकलेला, त्यामुळे मराठी छान बोलायचा. मला काका म्हणायचा. सरकारविरुद्ध लिहिलं म्हणून त्याच्या देशानं त्याला विमानात बसवून बाहेर काढलं होतं. देशाचं नाव लिहीत नाही. त्याची बहीण अजून तिथे राहते.

आईही होती, आजारी. तिला भेटायला आठवडाभर येऊ द्या, असा अर्ज त्यानं दिल्लीतल्या आपल्या दूतावासाकडे केला होता. ते त्याचा फोनच घेईनात. म्हटलं, आपण कशाला आहोत? घरमालक या नात्यानं मी फोन लावला. अधिकारी फारच सभ्य. म्हणाला, "आपण वडीलधारे, म्हणून स्पष्ट सांगतो. त्यांना आम्ही कधीच येऊ देणार नाही. माफीनामा दिला तरी नाही."

जिना चढून वर जाईपर्यंत त्याचं झालं, "विचार चालू आहे म्हणाले. जरा धीर धर."

त्याचा चेहरा असा काही उजळला, की मी स्वतःवरच खूश झालो.

त्याच आठवड्यात बहिणीनं त्याला फोन केला होता, हे मला फार उशिरा कळलं. ती आईला पुण्याला आणणार होती. व्हिसा हातात होता. डॉक्टर म्हणत होते, आत्ता प्रवास झेपेल, पुढचं सांगता येत नाही. यानं तिला सांगितलं, "आईला दमवू नकोस. मीच येतोय. काका बघताहेत."

काका दर महिन्याला फोन करत होते आणि तोच सभ्य नकार ऐकून वर जाऊन सांगत होते, "कागद वरिष्ठांकडे गेलाय." चौथ्या महिन्यात आई गेली.

दहा-बारा दिवसांनी त्यानं विचारलं, "काका, पहिल्या दिवशी ते नक्की काय म्हणाले होते?"

मी सांगितलं. त्यानं आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला. खाली रस्त्यात कुणी तरी आडव्या लावलेल्या स्कूटरवरून कुणाची तरी अक्कल काढत होतं.

"तुम्ही नाही म्हणाला असतात," तो म्हणाला, "तर ती इथे आली असती."

मला बहिणीशी बोलायचंय म्हटलं. त्यानं फोन लावला. मी मराठीत माफी मागितली, त्यानं ती तिच्या भाषेत सांगितली. मग ती बराच वेळ बोलत होती.

"काय म्हणाली? आहे तसं सांग."

"आईनं बॅग भरून ठेवली होती म्हणते. त्यात तुमच्यासाठी आणि काकूंसाठी लोकरीचे मोजे आहेत, तिनंच विणलेले. ते पाठवू की राहू देत, विचारतेय."

फोन त्यानं माझ्यापुढे धरून ठेवला होता. मला हो म्हणवेना, आणि नाहीही म्हणवेना.